मुंगीच्या तोंडी आमची बोली

जयसिंगपूर,
मार्गशीर्षातला सोमवार, सन २००५

चिरंजीव वीरेश यास, दाजींनी हात धुऊन, चष्मा पुसून व गल्ल्याकडे पाठ करून लिहिलेले आशीर्वाद पोहोचावेत. आम्ही सर्व इकडे खुशाल आहोत. तुझी खुशाली तुझ्या अक्काला दर रविवारी फोनवर समजते, परंतु ती मला निम्मीच सांगते, म्हणून मुद्दाम विचारतो. पोटाचे दुखणे कसे आहे? जेवण वेळेवर होते का? केस गळावयाचे थांबले काय? (थांबले नसल्यास कळवावे. आमच्या पेठेत एक गृहस्थ माक्याचे तेल काढतात. त्यांचे स्वतःचे डोके साफ आहे, त्यामुळे आग्रह करीत नाही.) अक्काचा गुडघा थंडीने धरला आहे, तथापि तोंडास काही झालेले नाही.

इथपर्यंत शुद्ध लिहिलं. आता बोटं आवळून आली, आणि मेव्हण्याशी शुद्ध बोलायला मी काय कोर्टात उभा न्हाय. हितनं फुडं आपल्या बोलीत. (मला शुद्ध येतंय, एवढं मात्र वर बघून ध्यानात ठेव. त्याचं काम पडणार हाय.)

तर मुद्दा असा, की तुझ्या भाचीचं, आमच्या विद्याचं, जमत आलेलं लगीन अडलंय. स्थळ तू सुचवलेलं, पोरगा तुझ्याच हापिसातला अमरेश, घर कोल्हापुरातलं, माणसं आपल्यातली, देण्याघेण्याची भानगड दोन्हीकडं न्हाय. तरी अडलं. अडवणारं माणूस असतं तर मी त्याच्या सोप्यात जाऊन बसलो असतो. पाया पडून म्हणा, न्हायतर आवाज चढवून म्हणा, कायतरी मार्ग काढला असता. पण अडवलंय मुंगीनं. आणि ही मुंगी आमच्या घरात आणली कुणी? तू! म्हणून सांगतो, हे पत्र बसून वाच, कंसातलं सुद्धा वाच.

आठवतंय का, गेल्या वर्षी दिवाळीला आलतास, तवा आपला जुना कॉम्प्युटर आमच्या बी-बियाणांच्या दुकानात मांडून दिलास आणि वर एक सीडी दिलीस. म्हटलास, "दाजी, ह्यात कामाचे सगळे प्रोग्राम हाईत आणि सगळे फुकट." तिथंच माझ्या कपाळाला आठी पडलेली. आमच्या धंद्यात फुकट म्हणजे दोनच गोष्टी. एक, कंपनीची नमुन्याची पुडी. दुसरी, निवडणुकीतलं जेवण. दोन्हीच्या मागनं माणूस येतोच. मी तुला इचारलं, "ह्याच्या मागनं कोण येणार?" तू नुसता हसलास. बेंगळूरची माणसं हसून प्रश्न मिटवत्यात, ही तिथली रीत असावी.

त्यातला एक प्रोग्राम रोगराईचा, म्हणजे कॉम्प्युटरला कीड लागू नये म्हणून. तो रोज सकाळी उठून आपणहून सांगतो, की मी ताजा झालो. (तुझी अक्का म्हणती, आंघोळ केली म्हणून गावाला सांगायला लागतंय व्हय?) दुसरा गाठोडी सोडणारा. कंपनीवाले फोटो गाठोड्यात बांधून पाठवत्यात, हा सोडून देतो. तिसरा मराठी टाईप करायचा, त्यात विद्याचा हात बसला. आणि चौथी ही मुंगी. तिचं खरं नाव हॉलंडच्या भाषेतलं हाय, ते म्हणायला गेलं की घशात काटा अडकल्यासारखं होतं. पण चित्र मुंगीचं, पाठीवर दाणा घेतलेलं, म्हणून आम्ही आपलं मुंगी म्हणतो. काम तिचं साधं. नेटवरनं जड वस्तू उतरवताना लाईन गेली, तर परत पहिल्यापास्नं आणायला नको. जिथं तुटलं तिथनं ती उचलती. मुंगी यायच्या आधी आमचे काय हाल होते म्हणून सांगू? कंपनीचा वांग्याचा फोटो निम्मा उतरला की टेलिफोनची लाईन जायची, आणि परत देठापास्नं सुरुवात. गिऱ्हाईकाला आख्खं वांगं दाखवायचं म्हणजे दिवस मोडायचा.

मुंगी बसवताना पहिल्यांदा एक लांबलचक मजकूर आला, आणि खाली 'मान्य' असं बटन. मी विद्याला म्हटलं, न वाचता मान्य म्हणायला ही काय सोसायटीची वार्षिक सभा हाय? सगळं वाच. तिनं वाचून मराठीत सांगितलं. ही वस्तू जशी हाय तशी हाय. चालंल अशी हमी न्हाय. कुठल्या कामाला उपयोगी पडंल अशीबी हमी न्हाय. आणि तुमचं काय नुकसान झालं तर आम्हाला इचारायचं न्हाय. मी थक्कच झालो! असं मी बियाणाच्या पिशवीवर छापलं, तर शेतकरी माझ्या गादीवर नांगर घालतील. पण मग वाटलं, शंभर टक्के उगवण म्हणून छातीवर हात मारणाऱ्यापेक्षा हा माणूस बरा. आणि तरीबी 'मान्य' म्हणजे आपल्यात सुपारी फुटल्यागत. अमावास्या तोंडावर होती, ती जाऊ दिली आणि मग बटन दाबलं. तवर तो मजकूर तसाच पडद्यावर उघडा ठेवून आम्ही कॉम्प्युटरवर टॉवेल टाकला.

त्या मजकुराच्या अगदी तळाला यान नावाच्या माणसानं लिहिलेलं, मी शाळेत गणित शिकवतो, हे सुट्टीत बनवलंय, पैसे नकोत, आवडलं तर तुमच्या गावाचं एक पोस्टकार्ड धाडा. झालं! तुझ्या अक्कानं हे ऐकलं आणि पदर खोचला. शेजारनं वाटीतनं काय आलं, तर वाटी रिकामी परत करायची न्हाय, हे आपल्या घरातलं तुला माहीतच हाय. म्हटली, "त्या मास्तरनं एवढं केलंय, आणि तुम्ही नुसतं कार्ड धाडणार? लाज कशी वाटत न्हाय?" मग जोतिबाच्या डोंगराचं कार्ड, त्याच्याबरोबर गुळाची एक ढेप आणि आपल्या जयसिंगपूरचा भडंग असं पार्सल हॉलंडला गेलं. (पोस्टातला माणूस इचारत होता, आत काय? म्हटलं, मुंगीचा आहेर. त्यानं परत काय इचारलं न्हाय.) आणि परका तरी कसा म्हणायचा? त्याच्या मुलखातल्या काळ्या-पांढऱ्या गायी आपल्या शिरोळ तालुक्यात गोठ्यागोठ्यात उभ्या हाईत. संबंध शेणामुतापास्नं जुना.

आता खरी मेख बघ. यानला हे परतीचं प्रकरण ठाऊक न्हाय, पण त्याची बायको आपल्या अक्काचीच बहीण असावी. तिनं गूळ पावाला लावून खाल्ला, याननं भडंग खाऊन डोळ्यांतनं पाणी काढलं, आणि महिन्याभरानं आमच्याकडं पार्सल हजर. उघडलं तर आत लाकडाची पायताणं! कोल्हापूर जिल्ह्याला पायताण पाठवणारा माणूस मी जन्मात बघितला नव्हता. पायात घालून दुकानात चाललो, तर आत बसलेलं गिऱ्हाईक घोडं आलं म्हणून उठून उभं ऱ्हायलं. आता वाटी परत आमच्याकडं आली की! अक्का चटण्या कुटायला बसली. मी हात जोडले. म्हटलं, हे असंच चाललं तर धंदा बंद करून पोस्टाच्या दारात खोपटं घालून ऱ्हावं लागंल.

विद्यानं यानला इंग्रजीत लिहिलं, की तुम्हाला काय पाहिजे ते तुम्हीच सांगा, पण एकदाचं सांगा. त्याचं उत्तर आलं, काहीच नको. मात्र मुंगी अजून मराठी बोलत न्हाय, तेवढं शिकवलंत तर सगळं फिटलं. म्हणजे मुंगी जी जी वाक्यं पडद्यावर दाखवती, ती आपण मराठीत करून द्यायची, आणि तो ती आत घालून जगभर फुकट वाटणार. मला वाटलं, चटण्या कुटण्यापेक्षा हे सोपं.

पहिल्यांदा शुद्धच करायला बसलो, खरं सांगतो. विद्यानं कुठनं तरी सरकारी शब्द काढून आणले. ते म्हणून बघितले, तर कोरड्या भाकरीचा घास छातीत बसावा तसं झालं. दुकानात असं बोललो तर गिऱ्हाईक मला पाणी पाजून, वारा घालून घरी पोचवतील. मग मी एक युक्ती काढली. मुंगी म्हणजे दुकानातलं माणूस, आणि पडद्यासमोर बसलंय ते गिऱ्हाईक. असं असं झालं तर मी गादीवर बसून काय म्हटलो असतो? तेच सांगत गेलो, विद्या हसत हसत टाईप करत गेली. लाईन गेली तर, "लाईन गेली. च्या पिऊन या, मी हितंच हाय." कॉम्प्युटरात जागा न्हाय तर, "आवं, ठेवू कुठं? आधी घरातला पसारा काढा की." पत्ता चुकीचा घातला तर, "पावणं, घर चुकला. हितं असं कोण ऱ्हात न्हाय." एकदा उतरवलेली वस्तू परत मागितली तर, "हे घरात आधीच हाय. परत कशाला आणताय?" मध्येच कुणी रद्द करायला लागलं तर, "निम्म्यात सोडताय व्हय? बघा बाबा." आणि काय बिघडलं ते मुंगीला सुद्धा उमगलं न्हाय तर, "काय झालं ते मलाबी कळंना." (ह्या वाक्याइतकं खरं वाक्य कुठल्या कॉम्प्युटरनं आजवर काढलं नसंल.) मध्ये मला मार्केट यार्डात जावं लागलं, मागं ऱ्हायलेलं किरकोळ विद्यानं उरकलं आणि धाडून दिलं.

यानला त्यातलं अक्षर वाचता येत न्हाय. त्यानं विश्वासानं सगळं मुंगीच्या पोटात घातलं, आणि 'माहिती' म्हणून जी खिडकी हाय, तिथं लिहिलं : मराठी, मल्लाप्पा, बी-बियाणे विक्रेते, जयसिंगपूर. मी ती खिडकी गिऱ्हाईकांना उघडून दाखवत होतो. आता ती खिळे मारून बंद करता येती का बघ.

इकडं अमरेशची मंडळी बघायला आली, ते तुला ठाऊक हाय. कार्यक्रम झकास झाला. त्याचे वडील गुरुपाद सर रिटायर झालेले मराठीचे मास्तर, हे तू सांगितलेलंस. पण एवढे मराठीचे, हे न्हाय सांगितलंस! पाण्याचा तांब्या दिला तरी तो बरोबर शब्दात द्यावा लागतो. अमरेशची आई अंबूबाई मूळच्या कोडोलीच्या, चेहऱ्यानं मायाळू, पण सगळ्या कार्यक्रमात गप. कायतरी बोलायला तोंड उघडायच्या, की सर म्हणायचे, "असं नाही म्हणत," आणि त्या परत पोहे खायला लागायच्या. अक्का घरी कुणाला तरी सांगत होती, की बाईनं भूक नसताना तीनदा पोहे घेतले. मी मात्र सरांच्या पुढं तोंड शिवून बसलेलो. नुसतं 'होय', 'उत्तम' आणि 'अवश्य' एवढ्यावर दोन तास काढले. जाताना सर म्हटले, "माणसं मितभाषी आहेत, मला आवडलं." म्हणजे बघ, जमलंच होतं.

आणि मग तुमच्या त्या अमरेशला सुट्टीत घरी आल्यावर बुद्धी सुचली! वडिलांना जुने जुने शब्दकोश नेटवरनं उतरवून पाहिजेत, जड असत्यात, मध्येच तुटत्यात, म्हणून त्यानं सरांच्या कॉम्प्युटरवर कुठला प्रोग्राम बसवावा? जगात दुसरा न्हवता. मुंगीनं सरांना इचारलं, भाषा कुठली? यादीत मराठी बघून म्हणे सरांचे डोळे भरून आले. परदेशी माणसाला मायबोलीची कदर, असं म्हणून त्यांनी बटन दाबलं. अमरेश त्याच सांजेला बेंगळूरला गेला, आणि दुसऱ्या दिवशी सर एकटे शब्दकोश उतरवायला बसले.

लाईन गेली. मुंगी म्हटली, च्या पिऊन या. सरांचा चहा डॉक्टरनं बंद केलाय. परत बसले, तर जागा भरली. मुंगी म्हटली, घरातला पसारा काढा. सरांच्या खोलीत जमिनीपास्नं छतापर्यंत पुस्तकं हाईत, आणि त्याला पसारा म्हणायची छाती आजवर घरात कुणाची झाली न्हवती. सरांचा पारा चढला, त्यांनी रद्द करायला घेतलं. मुंगी म्हटली, निम्म्यात सोडताय व्हय? आता सरांनी पीएचडी निम्म्यात सोडलेली, हे आम्हाला काय स्वप्न पडलं होतं? त्यांना वाटलं, कुणीतरी मुद्दाम, माहिती काढून, वैर धरून हे लिहिलंय. कुणी लिहिलं म्हणून त्यांनी 'माहिती'ची खिडकी उघडली, आणि आत मी बसलेलो. नावगाव, धंद्यासकट. (हे सगळं मागनं त्यांच्या शेजारच्याकडनं कळलं.)

सरांनी लगेच आमच्याकडं फोन लावला. दिवसभर लावला. पण दिवसभर आमची मुंगी भोपळ्यांचा कॅटलॉग उतरवत होती, म्हणून फोन अडकलेला; त्याचा राग वेगळा. सांजचं लागला तवा एवढंच म्हटले, "आपली भाषा आपल्या यंत्राच्या मुखातून ऐकली. विचार करून कळवतो." वीरेश, तू अजून बिनलग्नाचा, तुला म्हणून समजावून सांगतो. मुलाकडची माणसं 'विचार करून कळवतो' म्हटली, की समजायचं, त्यांचा विचार झाला आणि ती कळवणार न्हाईत.

माझं डोकं चालेना. चूक माझी का मुंगीची? मुंगीची म्हणावं तर ती माझंच बोलणं बोलती. माझी म्हणावं तर मी सरांना काय बोललोच न्हाय, मी 'उत्तम' आणि 'अवश्य'च म्हटलो. यानची म्हणावं तर त्यानं हमी दिलीच न्हवती, उलट नुकसान झालं तर इचारू नका म्हणून आधीच लिहून दिलेलं, आणि ते आम्ही अमावास्या टाळून मान्य केलेलं. अक्का म्हणती, चूक वीरेशची. हे मला पटतं, पण पटून उपयोग काय?

मला वाटलेलं, विद्याला एवढं काय वाटत नसंल. आजकालच्या पोरी, एक स्थळ गेलं तर दुसरं येईल म्हणून गप बसली असंल. मग अक्का म्हटली, पोराचा फोटो एकदा परत बघू द्या. तू तो नेटवर ठेवलेला, म्हणून मी आपला मुंगीला आणायला धाडला. मुंगी म्हटली, "हे घरात आधीच हाय. परत कशाला आणताय?" हुडकलं, तर विद्याच्या फोल्डरात 'परीक्षा' नावाचं खोकं, आणि खोक्यात परीक्षेचं काय न्हाय, नुसता अमरेश. बसलेला अमरेश, उभा अमरेश, हापिसातला अमरेश, त्यात एका फोटोत कडंला तुझं निम्मं डोकं. बंद करून ठेवलं. पण वीरेश, तवापास्नं मला घास गोड लागत न्हाय. पोरीच्या मनात बसलेलं, आणि ते तिच्या बापाच्या तोंडानं मोडलं.

मग मी ठरवलं, मुंगीला शुद्ध करायची. बोलीबिली गेली खड्ड्यात, पोरीपेक्षा मोठी हाय व्हय? शब्दकोश आणला, बसलो, सगळी वाक्यं धुऊन काढली. "संपर्क खंडित झाला आहे." "साठवणक्षमता अपुरी आहे." लिहिताना मला माझाच परका वास यायला लागला, पण लिहिलं. कागद विद्यापुढं ठेवले, म्हटलं, बाळ, एवढं टाईप करून यानला धाड. तिनं वाचलं. वाचून कागद उलटे ठेवले आणि म्हटली, "अप्पा, हे मी पाठवणार न्हाय. ज्या घरात तुमचं बोलणं चालत न्हाय, त्या घरात मी आयुष्यभर तोंड बांधून बसू व्हय? उद्या तुम्ही मला भेटायला आलासा, तर सोप्यात बसून काय, उत्तम आणि अवश्य?" मी म्हटलं, अगं, पण 'परीक्षा'? (तोंडातनं निसटलं.) ती लालेलाल झाली, रडली, आणि रडत रडत म्हटली, "नापास झालो तर झालो. पण हे पाठवायचं न्हाय." आणि आत निघून गेली. पोरगी माझ्यावर गेलीय का अक्कावर, ते मला ठरवता येईना, आणि आता मी तिच्या बाजूचा का तिच्या विरुद्ध, तेबी कळंना. तेवढ्यापुरते ते कागद मी बाजूला ठेवलेत.

तर तू एवढं कर. अमरेशला हापिसात गाठ, आणि समजावून सांग, की आमच्या घरात वैर धरून कुणी काय लिहिलेलं न्हाय, पीएचडीचं आम्हाला माहीत न्हवतं, आणि दाजींना शुद्ध मराठी येतं. पुरावा म्हणून ह्या पत्राचा पहिला परिच्छेद दाखव. पहिलाच. फुडचा दाखवू नकोस. पोराच्या मनात काय हाय तेबी काढ, पण विद्याचं काय सांगू नकोस, तिनं खोक्याचं कळू दिलेलं न्हाय आणि मी बघितलेलं न्हाय, असं आमच्यात ठरलंय. अक्काची चटणी आणि तुझ्या आवडीचा भडंग पत्राबरोबर हाय, हॉलंडसाठी कुटलेलीच चटणी हाय, पण तू घरचा, तुला चालंल.

अक्काचे, विद्याचे आणि नाईलाजानं मुंगीचेबी नमस्कार. जपून ऱ्हा.

तुझा गोंधळलेला दाजी,
मल्लाप्पा

ता. क. : पत्र पाकिटात घालून चिकटवलं आणि आज सकाळी फोन आला, म्हणून पाकीट फाडून लिहितोय. फोन अंबूबाईंचा. पहिल्यांदा मी ओळखलंच न्हाय, कारण त्यांचा आवाज मी कुठं ऐकलेला? म्हटल्या, "पावणं, मी कोडोलीची बोलतो." (कोल्हापूरची म्हटल्या न्हाईत, ध्यानात आलं का?) सर फिरायला गेले, की त्या रोज कॉम्प्युटरपुढं बसत्यात. अमरेशनं जाताना शिकवून ठेवलंय, मुंगीकडनं लिंगायत संतांच्या वचनांची गाणी उतरवून घेत्यात. नवीन माणूस, भलतंच बटन दाबलं जातं. म्हटल्या, पहिल्या दिवशी चुकलं तवा मी डोळे मिटून घेतले, की आता बोलणी बसणार. उघडले तर तिथं लिहिलेलं, "चुकलं व्हय? चुकू दे. काय मोडत न्हाय, परत बघा." म्हटल्या, "ह्या घरात आलो तवापास्नं, चुकलं की लगोलग दुरुस्त करून मिळालं. चुकू दे, असं कोण म्हटलं न्हवतं. काल मी सरांना सांगितलं, हे बोलणं माझ्या माहेरचं हाय. ते वंगाळ असंल तर मीबी वंगाळ. ज्यानं हे लिहिलं, त्याच्या घरातली पोर मला सून पाहिजे." सर काय म्हटले, इचारलं. म्हटल्या, "जेवले. मग म्हटले, कळव त्यांना. गुरुवारी सुपारीला येतोय."

मी फोन ठेवला आणि डोकं खाजवत बसलो, कारण ते वाक्य मला काय केल्या आठवंना. विद्याला इचारलं. ती म्हटली, "अप्पा, ते तुम्ही यार्डात गेलतासा तवाचं. ते मी घातलं." तेवढं बोलून ती कॉम्प्युटरकडं तोंड करून बसली. अक्का तर तिथंच खाली बसली आणि गुडघा विसरून रडली. तवा वर अमरेशला गाठायला सांगितलंय ते सगळं रद्द. गुरुवारी तू ये, बस.

ता. क. दुसरं, आणि हे एकट्यानं वाच : वर लिहिलंय, की शुद्ध कागद मी बाजूला ठेवलेत. ते खोटं न्हाय, बाजूलाच हाईत; पण आधी पाठवून मग ठेवलेत. काल रविवारी ह्या दोघी जोतिबाला गेलत्या, तवा माझा जीव ऱ्हायना. पोरीच्या 'परीक्षे'कडं बघून एका बोटानं सगळं टाईप केलं आणि यानला धाडलं. आज त्याचं उत्तर आलंय. विद्या बघायच्या आत मी शब्दकोश घेऊन त्याचा अर्थ लावला. तो म्हणतो, फार छान, ह्याच आठवड्यात आत घालतो, आणि मग ज्याच्या ज्याच्या घरी मुंगी हाय, तिथली आपोआप बदलंल. आपोआप, म्हणजे आता ही कुणाला इचारणार न्हाय. मला इंग्रजी लिहिता येत न्हाय, विद्याला सांगायचं तोंड न्हाय, घरच्या फोनवरनं बाहेरगावी लागत न्हाय, आणि बूथवरनं तुला फोन केला तर पेठेत दवंडी पिटल्यासारखं होईल. म्हणून हे पाकीट आजच्या बेंगळूरच्या बसच्या ड्रायव्हरच्या हातात देतोय. चटणी डब्यात ऱ्हाऊ दे, चपला नंतर काढ, आधी यानला लिही, की मल्लाप्पानं धाडलेलं घालू नको, फेकून दे, पाहिजे तर दोन ढेपा गूळ पाठवतो. कारण विद्याचं ते वाक्य होतं ना, तिथं मी आता काय लिहून बसलोय माहीत हाय का? "अवैध कृती. पुनश्च प्रयत्न करावा." ते बघितलं तर अंबूबाई उठून आत जातील, आणि परत कवा त्या खुर्चीवर बसायच्या न्हाईत. पळ लेका, पळ.